कुरवंडीच्या चार ओळी

तन्वी, मागच्या रविवारी तू पडद्यावरून विचारलंस, "आजी, सॅक्रिफाइसला मराठीत काय म्हणतात? प्रोजेक्टला हवंय. एकच शब्द सांग, पटकन." मी विचारलं, "कोणी केलेला? कशासाठी? आणि स्वतःचा की दुसऱ्याचा?" तू डोळे फिरवलेस. मिहिर मागून ओरडला, "तिला कशाला विचारतेस? ती डिक्शनरीवाली आहे!" मग तुमची पोहायला जायची वेळ झाली आणि उत्तर राहून गेलं.

त्याच आठवड्यात एका दिवाळी अंकाने मला नोकरीच्या आठवणी लिहायला सांगितलं. एका चिठ्ठीत दोन कामं उरकायची माझी सवय जुनी आहे. तेव्हा हा लेख अंकाला आणि उत्तर तुम्हाला. तुम्हाला वाचता आलं नाही तर बाबाकडून वाचून घ्या. त्याला जोडाक्षरं येतात, मीच शिकवली आहेत.

मी एकवीस वर्षं मराठी शब्दकोशाच्या कार्यालयात नोकरी केली. सदाशिव पेठेत एका शाळेच्या मागे वरच्या मजल्यावर तीन खोल्या होत्या आणि अंगणापलीकडे पत्र्याच्या छपरात छापखाना. मी इंग्रजी घेऊन बी.ए. झाले होते. मुलाखतीत मीच विचारलं होतं, "मराठी कोशाला इंग्रजीवाली कशाला हवी?" आमचे संपादक, ज्यांना सगळे नाना म्हणत, चष्म्यावरून बघत म्हणाले, "मराठीवाल्यांना वाटतं, आपल्याला सगळे शब्द येतात. तुम्हाला तसं वाटायचं कारण नाही." ही स्तुती होती की काय, ते मला निवृत्त होईपर्यंत कळलं नाही.

काम कसं चालायचं ते आधी सांगते, कारण तुम्हाला वाटतं डिक्शनरी आपोआप असते. गावोगावचे वाचक पुस्तकं वाचून त्यांतले शब्द पोस्टकार्डाएवढ्या चिठ्ठ्यांवर उतरवून आम्हाला पाठवत. वर शब्द, खाली तो जिथे आला ते वाक्य, त्याखाली पुस्तकाचं नाव आणि पान. त्या वाक्याला आम्ही अवतरण म्हणायचो. चिठ्ठ्या अक्षरांप्रमाणे लाकडी खणांत लागत. मग आमच्यापैकी एकेकाला एकेक खण मिळे. त्यातल्या सगळ्या चिठ्ठ्या टेबलावर पसरायच्या, पत्ते मांडल्यासारख्या. कुठल्या अर्थाच्या किती ते बघायचं आणि नोंद लिहायची: शब्द कुठून आला, त्याचे अर्थ काय, आणि पुरावा म्हणून अवतरणं. खालच्या कोपऱ्यात आपली सही. नोंद चुकली तर ती कोणाची, हे सही सांगायची.

लोकांना मात्र वाटायचं, शब्दांचे अर्थ आम्ही ठरवतो. माझ्या नोकरीच्या शेवटी शेवटी एकदा एक वक्ते तावातावाने आले. 'त्याग' या विषयावर ते गावोगावी व्याख्यानं देत. आमच्या छापलेल्या भागात त्यागाच्या नोंदीखाली मलत्याग हाही शब्द आहे, हे त्यांच्या एका श्रोत्याने त्यांना भर सभेत दाखवलं होतं.

"हा शब्द तिथून काढा," ते म्हणाले.

"जरूर," नाना म्हणाले. "आपण क्रिया थांबवा, आम्ही नोंद काढतो."

ते गृहस्थ गेल्यावर आम्ही खणांच्या कपाटामागे जाऊन हसलो. नाना हसले नाहीत. चिठ्ठी उचलून त्यांनी पुन्हा कामाला सुरुवात केली.

आता मुद्द्याचं. सत्तरच्या दशकात माझ्याकडे 'कुर'पासून सुरू होणाऱ्या शब्दांचा खण आला. त्यात एकाच पानावर, एकाच रकान्यात त्यागाचे दोन शब्द आले. वर कुरबानी आणि खाली कुरवंडी. मध्ये कुरबुर आणि कुरमुरा. हल्ली कुर्बानी असं लिहितात, पण आमच्या कोशात जुन्या कागदांतलं रूप घेतलं होतं, म्हणून हे शेजार जमलं.

कुरवंडी तुम्हाला माहीत नसणार. परगावाहून, संकटातून, आजारातून माणूस घरी आलं की दारातच त्याच्यावरून भाकरीचा तुकडा, मीठ, मोहऱ्या असं काही ओवाळून टाकतात. त्याची इडापिडा त्याबरोबर जावी म्हणून. ती कुरवंडी. आणि कोणावर इतकी माया असली की तुकड्याच्या जागी आपणच स्वतःला ओवाळून टाकावं असं वाटलं, तर ती जिवाची कुरवंडी. या शब्दावर माझा जीव होता. मी त्याच्यावर तीन आठवडे बसले. जुन्या काव्यांतली अवतरणं, बखरीतलं एक, आणि शेवटी एक माझ्या घरचं.

माझे वडील, म्हणजे तुमच्या बाबाचे आजोबा, बेचाळीस साली येरवड्याच्या तुरुंगात गेले आणि दीड वर्षाने सुटून आले. त्या दिवशी आईने आपल्या बहिणीला पत्र लिहिलं होतं. मावशीने ते जपून ठेवलं आणि आई गेल्यावर मला दिलं. त्यातली तीनच वाक्यं मी नोंदीत घातली, खाली लिहिलं: खासगी पत्र. आमच्या नियमात तारखेचं पत्र पुरावा म्हणून चालत असे, पण सर्वांत हलक्या दर्जाचा. नानांनी नोंद तपासताना तिथे पेन्सिल थांबवली.

"हे पत्र कोणाचं?"

"आईचं."

"हं. यातला स्वयंपाकाचा भाग शब्दाच्या अर्थासाठी आवश्यक आहे का?"

"आहे," मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली आणि पुढे गेले. माझी आई चौथीपर्यंत शिकली होती. तिने लिहिलेलं काहीही कुठे छापलं गेलं नव्हतं. आता ते कोशात जाणार होतं, छापून, संतांच्या खालोखाल. मी घरी येऊन हे कोणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर रडले असते, आणि त्या दिवशी पाहुणे होते.

आणि कुरबानी? ती मी एका दुपारी अर्ध्या तासात संपवली. खणात चिठ्ठ्या फारशा नव्हत्या. एका गोऱ्या साहेबाचा शंभरेक वर्षांपूर्वीचा कोश हाताशी होता, त्यातली व्याख्या मी सरळ मराठीत आणली: 'मुसलमानांतील सणाच्या दिवशीची पशुहत्या.' दीड ओळ. सही केली, पुढची चिठ्ठी उचलली.

छापखान्यात उस्मानभाई कंपोझिटर होते. शिशाचे सुटे खिळे एकेक उचलून ते शब्द जुळवत, तेही उलटे, आरशातल्यासारखे, कारण कागदावर उमटताना ते सुलटे होतात. पंचेचाळिशीचे, बारीक अंगाचे, नाकावर चष्मा. राहायला मोमीनपुऱ्यात. त्यांच्या घरातली आठवी की नववी पिढी पुण्यात होती. माझे सासरे कोकणातून आलेले, त्यामुळे उस्मानभाई मला कधीकधी म्हणत, "बाई, तुम्ही बाहेरच्या."

खराब झालेली प्रुफं ते घरी नेत. त्यांच्या अम्मांना लिहिता-वाचता येत नव्हतं, पण संध्याकाळी त्या मुलाकडून कोश वाचून घेत. अगदी 'अ'पासून. पुण्यात आमचा कोश ओळीने ऐकणारी ती एकमेव व्यक्ती असावी. विकत घेणाऱ्यांनीसुद्धा एवढं केलं नसेल.

एका मंगळवारी उस्मानभाई बांधलेल्या पानांची प्रुफं घेऊन वर आले. बांधलेलं पान म्हणजे ओळी मोजून, रकाने बसवून, भोवती सुतळी आवळलेलं पान. अशी सोळा पानं झाली की फर्मा होतो आणि तो यंत्रावर चढतो. आमचा फर्मा शनिवारी सकाळी चढणार होता. उस्मानभाईंना पुढच्या आठवड्यात रजा हवी होती.

"बकरी ईद ना?" मी विचारलं. "बकरा घेतलात?"

"चार महिने झाले. अम्मा माझ्या आधी त्याला जेवायला घालते."

"आणि अम्मांचा कोश कुठवर आला?"

"आलाय इथपर्यंतच. पण हे पान नाही वाचणार मी."

"का हो?"

त्यांनी कुरबानीवर बोट ठेवलं. शाईने काळं झालेलं नख मला अजून दिसतं.

"बाई, मी गॅलीवर खूण केली होती," ते म्हणाले.

गॅली म्हणजे पानं बांधण्याआधीचं लांबलचक प्रूफ. मी ती गॅली काढली. खरंच, कुरबानीसमोर पेन्सिलीचं बारीक प्रश्नचिन्ह होतं. आणि त्याच्यापुढे माझ्या अक्षरात, लाल शाईने: 'तसेच ठेवा.' कंपोझिटरचं प्रश्नचिन्ह म्हणजे एखादा खिळा झिजलाय किंवा अक्षर लागलं नाहीये, एवढंच मी धरून चालले होते. कंपोझिटर अर्थालाही प्रश्न विचारू शकतो, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

"तेव्हाच का नाही बोललात?"

"तुम्ही 'तसेच ठेवा' लिहिलंत. त्याच्यावर कंपोझिटरनं बोलायचं नसतं."

"मग आता बोला."

त्यांनी चष्मा काढून पुसला. "पशुहत्या तर खाटीकखान्यात रोज होते. तिथं काय रोज ईद असते? अम्मा विचारेल, आपला शब्द आला का रे. मी काय वाचू? आणि हे पुस्तक पन्नास वर्षं राहणार. शाळेतली पोरं उघडणार, कोर्टात उघडणार. आणि खाली बघा, कुरवंडीला चौदा ओळी."

ते रागावलेले नव्हते. रागावले असते तर मला सोपं गेलं असतं. रजेच्या अर्जावर मी सही केली आणि ते जिना उतरून गेले. मी त्या दीड ओळीकडे बघत बसले. खालच्या चौदा ओळींत मी आईचं पत्र घातलं होतं आणि वरच्या दीड ओळीसाठी मला अंगणापलीकडे जाऊन विचारावंसंही वाटलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी नानांसमोर गॅली ठेवली आणि सगळं सांगितलं. नाना पेशवेकालीन कागदांवर आयुष्यभर काम केलेले, त्यांना फारसी उत्तम येत होती आणि अरबी कामापुरती.

"कुर्ब म्हणजे जवळीक," ते म्हणाले. "ज्यामुळे देवाच्या जवळ जाता येतं ते कुरबान. हे मला विचारलं असतंत तर दोन मिनिटांत सांगितलं असतं."

"चूक झाली."

"झाली. नोंदीवर तपासणाऱ्याची सही कोणाची आहे?"

मी बघितलं. "आपली."

"म्हणजे निम्मी चूक माझी. तुमची निम्मी तुम्ही निस्तरा." त्यांनी पानाचं प्रूफ जवळ ओढलं. "नियम माहीत आहे ना? बांधलेल्या पानात ओळ वाढवायची नाही. एक ओळ वाढली तर खालची ओळ पुढच्या पानावर जाते, तिथली त्याच्या पुढच्या. सोळा पानं सोडून पुन्हा बांधावी लागतील आणि शनिवारी यंत्र रिकामं राहील. तेव्हा नवी नोंद लिहा, लागतील तेवढ्या ओळी घ्या, आणि तेवढ्याच ओळी त्याच रकान्यातून काढा. तुमच्याच नोंदींतून. दुसऱ्याच्या पानात हात घालायचा नाही."

"आणि नाही जमलं तर?"

"तर आहे ते छापलं जाईल. शब्दाला काही लागत नाही, सुलभाबाई. माणसाला लागतं. शनिवारपर्यंत वेळ आहे."

गुरुवारी दुपारी मी कोऱ्या चिठ्ठ्या पर्समध्ये टाकून मोमीनपुऱ्यात गेले. पंधरा वर्षं मी उस्मानभाईंबरोबर काम करत होते आणि त्यांच्या घरी पहिल्यांदा जात होते. दारात एक पांढरा बकरा बांधला होता, कानावर तपकिरी ठिपका. त्याने माझ्या पदराचं टोक तोंडात घेतलं. आतून आवाज आला, "सोड रे बादशहा! शिकलेल्या बाई आहेत त्या."

अम्मा बाजेवर बसल्या होत्या. लहानखुऱ्या, पांढऱ्या केसांच्या, दात नसलेल्या, डोळे मात्र लखलखीत. मला शेजारी बसवून घेत त्या म्हणाल्या, "तूच का ती? 'अ'मध्ये अंबाडीची भाजी लिवलीस, त्यात लसूण राहिला."

मी म्हटलं, "ती नोंद माझी नाही हो."

"मग ज्याची आसंल त्याला सांग."

मी विषय काढला. कुरबानी म्हणजे काय ते तुमच्या शब्दांत सांगा, मी लिहून घेते. त्या बराच वेळ बोलल्या. हजरत इब्राहिमची गोष्ट सांगितली, मुलाला अर्पण करायला निघालेल्या बापाची आणि देवाने मुलाऐवजी पाठवलेल्या दुंब्याची, म्हणजे मेंढ्याची. मग मांसाचे तीन वाटे. एक घरचा, एक नातेवाइकांचा आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांचा, एक गरिबाचा. "गरिबाच्या वाट्यात हाडं जास्त टाकायची नाहीत. माझी सासू वजन बघायची नाही, वाटा उचलून तोंड बघायची, देणाऱ्याचं."

मी भराभर लिहीत होते. मध्येच मी विचारलं, "पण बाजारातून आदल्या दिवशी आणला तरी चालतो ना?"

"चालतो. आणतात लोक. जागा नसती, सवड नसती." त्यांनी दाराकडे बघितलं. "पण आमच्या घरात पाळतो. चार महिने हातानं पाला घालायचा. नाव ठेवायचं. ज्याचा लळा नाही ते दिलं, तर दिलं काय?"

"तुम्हाला त्या दिवशी वाईट नाही वाटत?"

"तर! मी आतल्या खोलीत जाऊन बसते. दरसाल." मग माझ्या हातातल्या चिठ्ठीकडे बोट करून म्हणाल्या, "हे नको लिवू. हे घरातलं आहे."

आता इतक्या वर्षांनी लिहिते आहे. अम्मांनी परवानगी दिली असती असं मला वाटतं, पण खात्री नाही.

शुक्रवारी सकाळी मी नोंद लिहायला बसले. अम्मांच्या बोलण्याच्या अकरा चिठ्ठ्या झाल्या होत्या. त्यांचं सार सहा ओळींत आलं:

'कुरबानी: स्त्री. [अरबी कुर्ब, जवळीक.] बकरी ईदच्या दिवशी देवाच्या नावे पाळीव पशू अर्पण करण्याचा मुसलमानांचा विधी. मांसाचे तीन वाटे करून एक घरी ठेवतात, एक आप्तांना व एक गरजूंना देतात. २ (लक्षणेने) प्रिय गोष्टीचा स्वेच्छेने केलेला त्याग.'

'पाळीव' आणि 'प्रिय' हे दोन शब्द अम्मांचे. ते काढले असते तर पाच ओळींत बसलं असतं. मी काढले नाहीत.

म्हणजे चार ओळी हव्या होत्या. कुरबुरीच्या तीन ओळी, त्यांत तीन अर्थ. तिथे हात लावता येईना. कुरमुऱ्याला मुळातच दोन. राहिली कुरवंडी. अर्थ काढता येत नाहीत, कोश अर्थांसाठीच असतो. जुन्या काव्यांतली अवतरणं काढता येत नाहीत, शब्दाचं वय तीच सांगतात. बखरीतलं एकच होतं आणि गद्यातला सर्वांत जुना पुरावा तोच. आणि शेवटी, नियमाप्रमाणे सर्वांत हलक्या दर्जाचं, एक खासगी पत्र. मोजलं तर बरोबर चार ओळी.

मी पुन्हा मोजलं. मग अक्षरं मोजली. बखरीचं अवतरण निम्मं करता येईल का, तेही पाहिलं. ते दीड ओळ वाचवत होतं आणि वाक्य लंगडं होत होतं. जेवणाची सुटी झाली, मी डबा उघडला नाही. आईची वाक्यं कोशात जाणार म्हणून मी वर्षभर मनातल्या मनात खूश होते. आई जाऊन दोनच वर्षं झाली होती आणि माझ्याजवळ तिचं दुसरं असं काही नव्हतं की जे जगासमोर ठेवावं. दुसऱ्या आवृत्तीत परत घालू, असं मी स्वतःला सांगून पाहिलं. पण पहिलीच आवृत्ती कितव्या वर्षी पुरी होणार हे आमच्यापैकी कोणाला माहीत नव्हतं.

मग मला अम्मा आठवल्या, आतल्या खोलीत जाऊन बसणाऱ्या. मी लाल शाई घेतली, चार ओळींवर रेघ मारली आणि खाली उतरले.

उस्मानभाईंनी नवी नोंद वाचली. दोनदा. मग खाली कुरवंडीशी आले आणि थांबले.

"बाई, हे पत्र काढायचं?"

"हो."

"आईचं आहे ना हे? मी जुळवलंय. माझ्या लक्षात आहे, स्वयंपाकाचं."

"तेच."

"मग राहू द्या." त्यांनी कागद माझ्याकडे परत सरकवला. "आमचं आहे तसं जाऊ द्या. मी अम्माला दुसरं काहीतरी वाचून दाखवीन. तिला कुठे कळणार आहे?"

"त्यांना नाही कळणार. पन्नास वर्षं बाकीचे वाचतील, तुम्हीच म्हणालात."

"तेव्हा मला माहीत नव्हतं, जागा कुठून काढणार ते."

"उस्मानभाई, अम्मांनी अकरा चिठ्ठ्या भरून दिल्यात. आता मी त्यांना काय सांगू, आमच्याकडे जागा नव्हती म्हणून? माझ्या आईला कळलं असतं तर तिनेच मला चार शब्द सुनावले असते. जुळवा."

त्यांनी वाद घातला नाही. पान मोकळं केलं. चिमट्याने त्या चार ओळी उचलल्या, नवी नोंद जुळवून वर बसवली, मधल्या ओळी खाली सरकवल्या, सुतळी आवळली आणि पान हलवून पाहिलं. एकही खिळा हलला नाही. मी उभी राहून बघत होते. काम इतकं नीट झालं होतं की वाईट वाटायला वेळच मिळाला नाही. असा आनंद त्या नोकरीत मला फार वेळा मिळाला नाही, पण मिळाला तेव्हा तो नेहमी छापखान्यात मिळाला.

काढलेल्या ओळींचे खिळे खरं म्हणजे सुटे करून आपापल्या घरात परत टाकायचे असतात. उस्मानभाईंनी ते केलं नाही. चार ओळी तशाच एकत्र धरून त्यांनी चहूबाजूंनी पट्ट्या लावल्या आणि बारीक दोऱ्याने घट्ट बांधलं. तेवढ्यात नाना आत आले.

"हे काय?"

"खिळे आहेत नाना," उस्मानभाई म्हणाले.

नानांनी ओणवं होऊन पाहिलं. त्यांना उलटी अक्षरं वाचता येत असत.

"छापखान्यात खिळे हरवतातच," ते म्हणाले. "चार ओळी हरवल्या तर शोधायला कोण बसलंय? सुलभाबाई, पान बघितलंत ना? मग सही करा. फर्मा उद्या चढतोय."

मी सही केली. शनिवारी फर्मा यंत्रावर चढला.

पुढच्या आठवड्यात ईद झाली. रजा संपवून उस्मानभाई आले ते एक झाकणाचा डबा घेऊन. आत कोऱ्या शेवया, साखर, चारोळी, थोडे बदाम. अम्मांनी विचार करून सगळं कोरडं पाठवलं होतं, आमच्या घरी सोवळं-ओवळं असलं तर अडचण नको म्हणून.

"वाटा आहे," उस्मानभाई म्हणाले. "तुम्ही मटण खात नाही, म्हणून अम्मानं बदलून दिला."

"कितवा?"

"मी पण विचारलं. म्हणाली, मधला."

घरी आल्यावर माझ्या सासूबाईंनी डबा उघडून पाहिला, "शेवया बारीक आहेत, हाताच्या दिसतात," एवढं म्हणाल्या आणि खीर केली. डबा परत गेला तेव्हा त्यात चकल्या होत्या. पुढे अम्मा असेपर्यंत तो डबा दरसाल यायचा आणि दरसाल भरून जायचा.

"आणि नोंद वाचून दाखवलीत?" मी उस्मानभाईंना विचारलं होतं.

"दाखवली ना. म्हणाली, एवढं दोन तास बोलले आणि सहाच ओळी? त्या बाईला म्हणावं, लसणाचं तरी नीट कर."

ते मात्र राहिलं. अंबाडीचा भाग आधीच छापून झाला होता. कोशाची दुसरी आवृत्ती निघाली नाही, तेव्हा अंबाडी अजून बिनलसणाची आहे आणि कुरवंडी चार ओळींनी कमी. या दोन गोष्टींची रुखरुख आहे. बाकी त्या नोकरीबद्दल माझी तक्रार नाही.

तन्वी, तुझ्या प्रोजेक्टला एकच शब्द हवा आहे. त्याग लिही, तुझ्या बाईंना तो कळेल. पण मागच्या डिसेंबरात तुम्ही दोघं इथे आला होतात तेव्हा माझ्या टेबलावरच्या एका जड, काळ्या, दोरा गुंडाळलेल्या ठोकळ्यावरून भांडला होतात. मिहिरला तो रणगाडा म्हणून हवा होता आणि तुला पेपरवेट म्हणून. मी तो काढून वर फडताळात ठेवला, ते काय आहे ते सांगायचं राहिलं. यंदा याल तेव्हा तो खाली काढीन. एकाने ठोकळा धरा, एकाने आरसा. दोघं मिळूनच वाचता येतं. तुमच्या बाबाच्या आजीचं अक्षर नाही ते, पण वाक्यं तिचीच आहेत:

'हे घरी आले. दारातच भाकरतुकडा उतरून टाकला. जिवाची कुरवंडी करावी असं वाटलं, पण मग स्वयंपाक कोण करणार?'